मोटार आली की मिरजेला

गौलीपुरा, हैदराबाद
ता. १२ नोव्हेंबर १९३५

चि. सौ. वेणूस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

आमच्या निजामी फसली सनाची तारीख घातली की तुम्हा सांगलीकरांना कळत नाही, म्हणून इंग्रजी घातली आहे. आता बातमी. आधी नीट बस, मग वाच. तुझ्या बापाला पहिल्या नंबरचे बक्षीस लागले आहे. मोटार! खरीखुरी, चार माणसे बसतील अशी.

झाले असे की श्रावणात एका उर्दू अखबारात कोडे आले होते. नऊ घरे, त्यांत एक ते नऊ आकडे असे मांडायचे की उभी, आडवी, तिरपी, कुठूनही बेरीज पंधराच यावी. छत्तीस वर्षे माल खात्यात सरिश्तेदारी केलेल्या माणसाला ही बेरीज म्हणजे काय? चहा निवायच्या आत सोडवले. रुपया प्रवेश फी जोडून अमृतसरच्या ग्रँड ताज प्राइज कंपनीकडे धाडले आणि विसरून गेलो. काल त्यांचा मुरासला, म्हणजे अधिकृत पत्र, आला. जाड कागद, वर सोनेरी ताज, खाली लाल मोहोर, कडेला जावक नंबर, सगळे कसे सरकारी शिस्तीत. आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘मुबारकबाद’. वेणू, हजारो कागदांवर मी मोहोर उठताना पाहिली. माझ्या हाताखालच्या माणसांना खिताब मिळाले, त्यांचे कागद मीच तयार केले. पण माझ्या नावाने मुबारकबादीचा कागद हा पहिलाच.

तुझ्या आईच्या डोळ्याचे असे की इथल्या डॉक्टरांनी परवा पुन्हा पाहिले. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, आता काढावा म्हणतात. उजवा तर लहानपणी देवींतच गेला, तेव्हा जी काही भिस्त ती या एकाच डोळ्यावर. मिरजेचे आपले ठरले आहे ते कायम. प्रवासाची आणि दवाखान्याची रक्कम पेटीत वेगळी बांधून ठेवली आहे. फरक इतकाच की तिला आगगाडीत धक्के खात, वाडीला उतरा, कुर्डुवाडीला उतरा, असे कशाला न्यायचे? महिनाभरात मोटार येईल. गौलीपुऱ्यात बसायचे ते थेट तुझ्या दारात उतरायचे.

कंपनीने नोंदणीचे पंचवीस कलदार रुपये, म्हणजे इंग्रजी नाण्यात, मागितले आहेत. उद्या इंग्रजी पोस्टातून पाठवतो. जावईबापूंना सांग, मोटार ठेवायला सावलीची जागा बघून ठेवा.

तुझा,
अण्णा


सांगली
ता. २० नोव्हेंबर १९३५

ती. अण्णांस वेणूचा शिरसाष्टांग नमस्कार.

अण्णा, तुमचं पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. हे शाळेतून आले, त्यांच्या हातात दिलं. ते आधी हसले आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. यांच्या शाळेत संस्कृत शिकवणारे शास्त्रीबुवा आहेत. त्यांना गेल्या साली हेच पत्र आलं होतं. तोच ताज, तीच मोहोर, तोच पहिला नंबर. मोटारच! बुवांनी नोंदणी भरली, मग विमा भरला, मग बांधणावळ भरली. शेवटी पोस्टाने आली काय, तर पत्र्याची खेळण्यातली मोटार. किल्ली दिली की टेबलावर धावते ती. चार माणसं होती आत, पण बोटाएवढी! बुवा अजून त्या रस्त्याने शाळेत येत नाहीत, पोरं तोंडाने भोंगा वाजवतात म्हणून.

ते नऊ घरांचं कोडं यांच्या चौथीतली मुलंसुद्धा सोडवतात, अण्णा. सोपं असतं म्हणूनच घालतात. जो सोडवील त्याला पहिलं बक्षीस, आणि मग लागले पैसे मागायला. तुम्ही रागवाल, पण मला स्पष्ट लिहिलंच पाहिजे. नोंदणी पाठवली असेल तर ती गेली असं समजा आणि यापुढे एक दमडी पाठवू नका.

मोटार आली काय, नाही आली काय, माझं काही जात नाही. माझा जीव आईच्या डोळ्यात अडकलाय. यांनी मिरजेला जाऊन विचारलं. पिकलेला मोतीबिंदू फार ठेवला तर डोळ्यात दाब वाढतो, मग काढूनही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. मार्गशीर्षात या म्हणाले. खाट मिळेल. तुम्ही फक्त नामपल्लीला गाडीत बसा. वाडीला हे स्वतः येऊन उभे राहतील.

सोबत आईला वेगळी चिठ्ठी घातली आहे. ती तिला वाचून दाखवा. पूर्ण.

तुमची,
वेणू


गौलीपुरा, हैदराबाद
ता. २ डिसेंबर १९३५

चि. सौ. वेणूस आशीर्वाद.

पत्र पोचले. बापाला अक्कल शिकवण्याइतकी तू मोठी झालीस, आनंद आहे.

तुझ्या शास्त्रीबुवांचे पत्र नक्कल असणार. चांगल्या मालाचीच नक्कल होते. माझ्या पत्रावर जावक नंबर आहे आणि मी लिहिलेल्या प्रत्येक पत्राला त्यांचे उलट टपाली उत्तर येते, त्यातही मागच्या नंबराचा हवाला असतो. फसवणारा माणूस कागदांची मिसल इतकी नीट ठेवील काय?

बक्षीस द्यायचे तर आधी पैसे का मागतात, असे जावईबापूंना वाटत असेल. ते इंग्रजी मुलखात वाढले, त्यांना दरबारी रीत काय ठाऊक! आमच्याकडे सरकारातून मानाच्या पोशाखाची खिलत मिळायची तर आधी नजर द्यावी लागते. रुमालावर अशरफी ठेवून, कमरेत वाकून. फुकट काही घेणे हा देणाऱ्याचा अपमान आहे. ज्यांना नजर देण्याची पाळी आली त्यांना मी सदैव लांबून पाहिले. आता माझी आली तर मी हात आखडता घेऊ?

आणखी एक गोष्ट. मोटार परमुलखातून येणार, म्हणजे आमच्या सरहद्दीवर करोडगिरीची जकात बसणार. हे त्या बिचाऱ्यांच्या लक्षातच आले नव्हते. मीच त्यांना लिहून कळवले, की आमच्या संस्थानात परक्या मालावर जकात आहे, ती आगाऊ भरणे माझे कर्तव्य समजतो, आकडा कळवावा. आता सांग, लबाड माणसाला कोणी आपण होऊन असे लिहील काय?

तुझी चिठ्ठी आईला वाचून दाखवली. ती म्हणते, ‘सदर प्रकरणी घाई करण्याचे प्रयोजन दिसत नाही. सबब मोटार आल्यावर निघणे सोयीचे.’ डोळा ठीक आहे. काळजी नसावी.

अण्णा


सांगली
ता. ११ डिसेंबर १९३५

ती. अण्णांस नमस्कार.

आई ‘प्रयोजन’ म्हणाली? माझी आई? ‘सबब’ म्हणाली? अण्णा, तिच्या जन्मात ती असं बोललेली नाही. ती म्हणाली असती, ‘घाई कसली मेली, जाऊ सावकाश.’ किंवा म्हणाली असती, ‘आग लागो त्या मोटारीला.’ दोन्हीपैकी काय म्हणाली ते मला आता कळायला मार्ग नाही, कारण तिला दिसत नाही आणि मधे तुम्ही बसला आहात. मी तिला लिहायचं, तुम्ही तुम्हांला पाहिजे ते वाचायचं. ती बोलणार, तुम्ही तुम्हांला पाहिजे ते लिहिणार. इतकं अंतर तर तुम्ही वैऱ्याशीही ठेवत नाही!

आणि जकात तुम्ही आपण होऊन सुचवलीत? देवा रे. चोराला वाट दाखवायची, दिवा धरायचा आणि वर कर्तव्य म्हणायचं. हे वाचून यांनी तर पत्र खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

मी आता भांडत नाही. पदर पसरते. मोटार येऊ दे, चांगली दोन येऊ देत. मी आरती ओवाळीन त्यांना. पण आधी आईला आगगाडीने आणा. मोतीबिंदू काढून झाला की मग मोटारीतून गावभर फिरवा तिला, निदान तिला ती मोटार दिसेल तरी!

पेटीतल्या पैशाला हात लावू नका. एवढं तरी लिहा, की लावला नाही.

वेणू


गौलीपुरा, हैदराबाद
ता. २४ डिसेंबर १९३५

चि. सौ. वेणूस आशीर्वाद.

तुझ्या पत्राची भाषा मला आवडली नाही. असो.

कंपनीने जकातीचा आकडा कळवला व माझ्या प्रामाणिकपणाबद्दल खास आभार मानले. दिवाणी अमलात इतकी वर्षे काढली, कोणी आभार मानले नव्हते. रक्कम मोठी होती. तात्पुरती पेटीतून घेतली आहे. मोटार आल्यावर वाटल्यास विकू आणि दसपट परत ठेवू.

दिंडीदरवाजाची चौकट काढून वाट रुंद करून घेतली. सध्या गल्लीतल्या शेळ्या आत येतात, तेवढी तसदी आहे. आईला आठ दिवसांमागे थोडे पित्त झाले होते, आता बरी आहे.

अण्णा


सांगली
ता. ५ जानेवारी १९३६

सौ. भागीरथीबाईंस सा. नमस्कार.

तुम्ही आमच्या शेजारी राहायला आलात तेव्हा माझं लग्न होऊन गेलेलं होतं, त्यामुळे आपली ओळख दोन-चार वेळच्या हळदीकुंकवाची. तरी मोठ्या आशेने लिहिते. तुम्ही मुलींच्या शाळेत मराठी शिकवता, तेव्हा माझं अक्षर तुम्हांला लागेल.

अण्णा संध्याकाळी बुद्धिबळाला बाहेर पडले की माझ्या आईकडे जा आणि सोबतचं पत्र तिला वाचून दाखवा. त्यात मिरजेचे डॉक्टर काय म्हणाले ते सगळं आहे, अण्णांच्या मोटारीचं काय गौडबंगाल आहे तेही आहे. मग ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहून पाठवा. शिव्या दिल्या तर शिव्यासुद्धा लिहा. बापाच्या पाठीमागे हे करायची मला लाज वाटते, पण माझा दुसरा काही इलाजच उरला नाही.

आपली,
वेणू


गौलीपुरा, हैदराबाद
ता. १६ जानेवारी १९३६

वेणू बाळा,

भागीरथीबाई लिहितायत, मी बोलतेय. परवा संक्रांत झाली, तुला तीळगूळ पाठवता आला नाही म्हणून आधी त्यांच्या हातून चिमूटभर पुडीत घालून घेतला.

तुझं पत्र ऐकलं. नवीन काही नाही त्यात. तुला काय वाटलं, मला कळत नव्हतं? तुझा बाप पत्र वाचतो तेव्हा तू रागावलेली जागा आली की खाकरतो. खाकरलं की समजायचं, इथे दोन ओळी गेल्या. तुझं मागचं पत्र वाचताना तर इतके खाकरले की मी म्हटलं, काढा करून देऊ का!

मग बोलले का नाही? ऐक. हौ, मोटारबिटार काही येत नाही, हे मला पहिल्या दिवशी कळलं. आपल्याला कोण देतंय मोटार? पण तो कागद आला त्या रात्री त्यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. मुबारकबाद, नरहरराव साहेब. आवाज असा होता की, तुझं लग्न ठरलं तेव्हाच तसा ऐकला होता. त्यांच्या हाताखालचा तो पोरगा खिताब घेऊन मोठा झाला, पेढे द्यायला घरी आला, तेव्हा हे हसून बोलले आणि रात्री जेवले नाहीत. ते मी पाहिलंय. तेव्हा दिसत होतं मला. म्हटलं, खेळू दे महिनाभर.

आता दुसरं सांगते, हे मात्र त्यांना सांगू नक्को. मी काही सती-सावित्री नाही. मला सुरीची भीती वाटते, वेणू. जागेपणी डोळ्यात सुरी घालतात म्हणे. ते म्हणाले मोटार आली की जाऊ, आणि मला आतून हायसं झालं. त्यांच्या मोटारीआड मी लपून बसले. मला वाटलं महिना-दोन महिन्यांनी काय होतंय.

मार्गशीर्षात एका रात्री डोळा असा ठणकला की डोकं फुटतंय असं वाटलं. ओकारी झाली. यांना म्हटलं पित्त आहे. दुसऱ्या दिवसापासून दिव्याभोवती रंगीत कडं दिसायला लागलं आणि मग कडंही गेलं. आता खिडकी कुठे आहे ते कळतं, तुळशीपाशी ऊन आलं की कळतं. भागीरथीबाईंचं तोंड दिसत नाही. यांना मी अजून सांगितलेलं नाही. वाटीला हात बरोबर जातो, त्यामुळे त्यांना संशयही येत नाही.

आता भीती वाटते ती सुरीची नाही.

तुझी आई


सांगली
ता. २४ जानेवारी १९३६

आई,

भागीरथीबाई, हे तिला वाचून दाखवा आणि खाकरू नका.

तू पण? मी इकडे अण्णांना लिहून लिहून बोटं झिजवतेय आणि तू पलीकडे बसून सगळं ऐकून घेतेस, कळतंय तरी बोलत नाहीस? ते आपल्या मोटारीसाठी तुला फसवणार, तू आपल्या भीतीसाठी त्यांना फसवणार, आणि दोघं मिळून मला! संसार केलात की लपाछपी खेळलात गं? मला इतका राग आलाय की रडूसुद्धा येत नाही.

पित्त नव्हतं ते. हे मिरजेला धावत जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, बोलत बसू नका, घेऊन या.

मी येतेय. सोमवारी सकाळी नामपल्लीला उतरेन. तुझी दोन लुगडी आणि शाल बांधून ठेव. अण्णांना मी सांगेन. ते काय म्हणतील ते म्हणोत, मी तुला उचलून गाडीत घालणार आहे.

वेणू


गौलीपुरा, हैदराबाद
ता. १० फेब्रुवारी १९३६

चि. सौ. वेणूस आशीर्वाद.

तू आलीस, माझ्याच घरात उभी राहून मला नाही नाही ते बोललीस आणि आईला घेऊन गेलीस. पुन्हा ते उगाळत नाही. तिला इतके कमी दिसते हे मला कोणी सांगितले नव्हते. तू म्हणालीस, ‘शेजारी बसून तुम्हांला कळलं नाही?’ नाही कळले. ती रोज मला पानात मीठ वाढत होती. मला कसे कळावे?

मी तुमच्याबरोबर निघालो नाही याचा तुला संताप आला. पण कंपनीची तार आली होती की मोटार मालगाडीत चढली, नामपल्लीला कोणत्याही दिवशी उतरेल. घेणारा हजर नसेल तर रेल्वे रोजचे भाडे लावते. मी रोज सकाळी शेरवानी घालून, दस्तार बांधून मालधक्क्यावर जातो. तिथल्या बाबूंना तोंडपाठ झालो आहे. लांबून दिसलो की तेच ओरडतात, ‘नरहरराव साहेब, आज भी नहीं आई!’ बरी माणसे आहेत.

शस्त्रक्रिया झाली असेल तर सविस्तर लिही. घर फार मोठे वाटते. कालची आमटी मीच केली, करपली. तिला विचार, हिंग कशात ठेवते. हे पत्र तिला जसेच्या तसे वाचून दाखव.

अण्णा


सांगली
ता. १८ फेब्रुवारी १९३६

अण्णा,

पत्र आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. मालधक्क्यासकट. ती म्हणाली, ‘हिंग पितळी डबीत, फळीवर उजवीकडे.’ मग भिंतीकडे तोंड करून पडली.

शस्त्रक्रिया काल झाली. ओठ चावून पडून राहिली, हूं की चूं केलं नाही. डॉक्टर काही बोलत नाहीत. मी विचारलं, म्हणाले, ‘पट्टी सुटल्यावर बघू.’ पट्टी येत्या मंगळवारी सुटेल.

अण्णा, मी हात टेकले. तुमच्याशी भांडायची ताकद आता माझ्यात नाही. ती झोपेत तुम्हांला हाक मारते. मोटार आली तर धक्क्यावर गंजू दे, भाडं मी भरीन, माझ्या पाटल्या विकून भरीन. मंगळवारी तुम्ही इथे हवे आहात.

वेणू


गौलीपुरा, हैदराबाद
ता. ९ मार्च १९३६

चि. सौ. वेणूस अनेक आशीर्वाद.

काल सुखरूप पोचलो. होळीची गर्दी होती, पण वाडीपासून बसायला जागा मिळाली.

त्या मंगळवारचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. डॉक्टरांनी बोटे धरली, किती म्हणून विचारले, आणि ती ‘दोन’ म्हणाली! बरोबर दोनच होती. मग मी पुढे होऊन तिचा हात धरला, तशी माझ्याकडे तोंड करून म्हणाली, ‘अगंबाई, किती वाळलात हो!’ वेणू, दोन वर्षांनी तिने मला नीट पाहिले. मला रडू आवरेना. जावईबापूंसमोर लाज वाटली, पण आवरेना.

तुम्ही सगळ्यांनी मला इतके घाबरवले होते. शेवटी काय झाले? थोडा उशीर झाला, तरी थांबण्याने काही बिघडले नाही, हे आता तूही कबूल करशील. मी मनात काही ठेवत नाही.

घरी येऊन पाहतो तो कंपनीचा मुरासला पडलेला. मालगाडीत मोटारीची काच फुटल्याने ती परत मागवावी लागली. दुरुस्ती त्यांची, पुन्हा पाठवण्याचा खर्च मात्र माझा. हा शेवटचा, असे स्पष्ट लिहिले आहे. फुटकी मोटार गळ्यात मारली नाही, यातच त्यांची सचोटी दिसते. या महिन्याचा पेन्शनीचा वजीफा हाती आला होता, त्यातून आज सकाळीच पाठवले. तेव्हा आईला सांग, घाई करू नको. मोटार घेऊन मीच तिला न्यायला येतो.

अण्णा


सांगली
ता. १७ मार्च १९३६

अहो,

वेणू लिहितेय. तिला बजावून ठेवलंय, मी बोलेन तेच लिही, पदरचं काही घालू नको. ती मधेच रडतेय, त्यामुळे अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

तुमचं पत्र तिने वाचलं. थांबण्याने काही बिघडलं नाही, ही ओळ मी तिच्याकडून पुन्हा वाचून घेतली.

मला दिसत नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी बोटं विचारली, मी अंदाजाने दोन म्हटलं. अंदाज बरोबर निघाला. तुम्ही माझा हात धरलात, तुमचं मनगट माझ्या हाताला लागलं, नुसतं हाड. म्हणून म्हटलं, किती वाळलात. तुम्हांला वाटलं मी पाहिलं. आणि तुम्ही रडायला लागलात. इतक्या वर्षांत तुम्हांला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग माझ्या तोंडून पुढचं बाहेर पडेना. डॉक्टरांनी पुन्हा बोटं धरली, मी पुन्हा दोन म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जावईबापूंना बाहेर घेऊन गेले. तुम्ही तेव्हा डोळे पुसत होता. मी सगळ्यांना शपथ घातली, यांना सांगायचं नाही. म्हटलं, मोटार सोडून आले, पहिल्यांदा माझ्यासाठी काहीतरी सोडून आले, तर एवढं सुख घेऊन जाऊ देत.

ते सुख तुम्ही पाकिटात घालून अमृतसरला पाठवलंत.

डॉक्टर म्हणाले, मार्गशीर्ष लागताच आणलं असतं तर दिसलं असतं. आता उजेड कळतो, तोही किती दिवस ते सांगता येत नाही. अर्धी चूक माझी आहे. मी भ्याले, मी लपवलं, आणि त्याचं मी भोगतेय. पण अर्धी तुमची आहे, आणि ती मी तुमच्या वाट्याची भोगणार नाही. मला तुमचा राग येतो. फार येतो. पूर्वी डोळे वटारले की तुम्ही गप्प व्हायचा. आता तेही करता येत नाही, म्हणून हे लिहून घेतेय.

मोटार नाही. कधीच नव्हती. हे तुम्हांलाही त्या मालधक्क्यावर केव्हातरी कळलं असणार. मी तुम्हांला ओळखते, तुम्ही बेरजा चुकणारे नाही. पण नाही म्हणायचं तर तो मुबारकबादीचा कागदही खोटा म्हणावा लागतो, तेवढं तुमच्याने होत नाही. मला कळतं ते. मी तुम्हांला म्हणा म्हणत नाही. तो कागद ठेवा तुमच्यापाशी, फाडू नका.

मला इथे करमत नाही. वेणू जिवाला जीव देते, तक्रार नाही. पण इथला उंबरा मला माहीत नाही, विहिरीची वाट माहीत नाही, पाणी प्यायचं तरी हाक मारावी लागते. मला माझ्या घरी राहायचंय. तिथे मला कोणाला काही विचारावं लागत नाही. आणि तिथे तुमच्यावर रोज रागावता येईल, पत्रातून रागावण्यात काही दम नाही.

आगगाडीने या. धक्के बसले तर बसले, तुमचा हात धरून बसेन.

या पत्राला उत्तर लिहू नका. या.

सुभद्रा